टायगर मॉथचं 1:48 किट: विमान झकास, निवृत्तीची सोय नाही

निकाल आधीच सांगून टाकतो. ब्रिटिश कंपनीचं 1:48 मापाचं हे टायगर मॉथचं प्लास्टिक किट पैसे वसूल आहे. दोन-चार विमानं जोडायचा सराव असेल आणि डायनिंग टेबल महिनाभर अडवून ठेवायची मुभा असेल, तर बिनधास्त घ्या. फोर्टातल्या दुकानात मला साडेतीन हजाराला पडलं. रंग, गोंद आणि तारांचं सामान वेगळं. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे दोघांचीही उणीदुणी काढणार आहे. माझं मुख्य भांडण मात्र डब्यातल्या डेकलच्या, म्हणजे विमानावर चिकटवायच्या छापील अक्षरांच्या आणि खुणांच्या, कागदाशी आहे. त्यावर येतोच.

मी पार्ल्याचा. जन्म विमान देखभालीत गेला. नंतरची सगळी वर्षं मोठ्या जेटच्या पोटाखाली काढली, पण हात बसला तो जुहूला, फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये, पुष्पकवर. पुष्पक म्हणजे सरकारी विमान कंपनी एचएएलने खास क्लबांसाठी बनवलेलं कापडी विमान. टायगर मॉथ त्याच्या आधीच्या पिढीतलं. मी कामाला लागलो तोवर ते हँगरमधून गेलं होतं, सीनियर मंडळींच्या तोंडातून मात्र जात नव्हतं. पुष्पकचं काहीही बिघडलं की कुणीतरी म्हणायचंच, "टायगरला असं कधी झालं नाही." इतक्या वर्षांनी दुकानाच्या काचेत तो डबा दिसला तेव्हा म्हटलं, बघूया तरी, काय होतं एवढं.

डबा उघडल्यावर पहिली तपासणी पंखांची. या विमानाचे पंख मागे कललेले आहेत, आणि ते का, हे ज्याला माहीत आहे त्याने आधी तेच मोजावं. 1931 साली डी हॅव्हिलंड कंपनी रॉयल एअर फोर्ससाठी शिकाऊ विमान करत होती. शिक्षक पुढच्या सीटवर, विद्यार्थी मागे. पुढच्या माणसाच्या डोक्यावर वरचा पंख आणि त्यातली पेट्रोलची टाकी. पॅराशूट बांधून तो बाहेर पडणार कसा? म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला. तो पुढे गेला तसा विमानाचा तोल बिघडला, मग तोल परत आणायला पंखांची टोकं मागे ढकलली. 26 ऑक्टोबर 1931 ला हे विमान पहिल्यांदा उडालं. हा सगळा खटाटोप शिक्षकाला उडी मारता यावी म्हणून! मी गुण्या लावून बघितलं. किटमध्ये कलणं बरोबर आहे, दोन्ही बाजूंना सारखं आहे. स्वस्तातल्या किटांत हेच पहिलं चुकतं, आणि मग टायगर मॉथऐवजी कुठलंही दुपंखी विमान तयार होतं.

खऱ्या विमानाचा पंखविस्तार 8.94 मीटर, म्हणजे या मापात साडेअठरा सेंटिमीटरच्या आसपास. तळहातावर नीट मावतं. एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या हलत्या फळ्या, फक्त खालच्या पंखावर, वरच्या पंखाच्या पुढच्या कडेला स्लॅटची पट्टी, मागे शेपटीखाली चाकाऐवजी घसटत जाणारं स्किड, ब्रेक नाहीत. सगळं जागच्या जागी आहे. कॉकपिटच्या दोन्ही बाजूंच्या झडपा वेगळ्या दिल्यात, उघड्या लावता येतात. दोन पंखांमधल्या डाव्या स्ट्रटवरचा, म्हणजे उभ्या दांडीवरचा, तो वाऱ्याने मागे ढकलला जाणारा वेगदर्शक पत्रासुद्धा दिलाय, नखाएवढाही नाही. तो चिमट्यातून उडाला की फरशीवर रांगायची तयारी ठेवा.

कापडाबद्दल मात्र तक्रार आहे. साच्यात पंखांवर दोन बरगड्यांच्या मध्ये कापड खाली बसलेलं दाखवलंय, आणि ते जरा जास्तच बसवलंय. खरं कापड असं नसतं. बरगडीवर ते मेणाच्या दोऱ्याने शिवतात, वरून पट्टी चिकटवतात, मग डोपचे, म्हणजे कापड ताठ करणाऱ्या लॅकरचे, हात मारतात. डोप सुकताना कापड आवळतं. बोटाने टिचकी मारली तर टणटण वाजलं पाहिजे. आमचे पारशी फोरमन नव्या पोराने चढवलेल्या कापडावर अंगठा दाबायचे आणि दबलं तर विचारायचे, "डिकरा, आ प्लेन छे के गादी?" हे किट त्यांनी बघितलं असतं तर तोच प्रश्न कंपनीला विचारला असता. प्रायमरचे दोन हात जास्त मारून आणि मधे बारीक काचपेपर फिरवून मी ते खळगे अर्धे भरले. तेवढं पुरतं.

रंगाचा विषय निघालाच आहे तर मुंबईकरांसाठी एक सूचना. जुलैत एअरब्रश काढू नका. लॅकर रंग दमट हवेत पांढुरका पडतो, वर धुरकट साय येते. खऱ्या डोपलाही हाच रोग. थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते. जुहूच्या हँगरमध्ये पावसाळ्यात डोपचं काम काढायचं नाही, असा आमच्याकडे अलिखित नियमच होता. मी सप्टेंबर संपेपर्यंत थांबलो, नंतर एका कोरड्या सकाळी गच्चीवर सगळं एका दमात उरकलं. ज्यांना थांबवत नाही त्यांनी ॲक्रिलिक वापरावं.

इंजिनाला पूर्ण मार्क. जिप्सी मेजर, चार सिलिंडर, 130 अश्वशक्ती, आणि उलटं टांगलेलं: क्रँकशाफ्ट वर, सिलिंडर खाली. त्यामुळे नाकावरचा पंखा जमिनीपासून उंच राहतो आणि नाक खाली राहिल्याने पायलटला पुढचं जरा बरं दिसतं. किटमध्ये काऊलिंगचा, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचा, एक पत्रा उघडा ठेवता येतो आणि आत सिलिंडरवरच्या पन्हळीसुद्धा मोजता येतील इतक्या स्वच्छ आहेत. उलट्या इंजिनाची एक खोड असते. विमान उभं राहिलं की तेल हळूहळू झिरपून खाली सिलिंडरमध्ये उतरतं. म्हणून सुरू करण्यापूर्वी स्विच बंद आहेत याची खात्री करायची, पंखा हाताने फिरवून बघायचा आणि कुठे अडत नाही ना, याचा अंदाज घ्यायचा. मग कार्ब्युरेटरची पिन दाबून त्याला गुदगुल्या करायच्या, पेट्रोल खाली टपकेपर्यंत. मग एकाने कॉकपिटमधून "कॉन्टॅक्ट" म्हणायचं आणि दुसऱ्याने पंखा ओढून बाजूला व्हायचं. सेल्फ-स्टार्टर नाहीच. या विमानाच्या नाकाखाली तेलाचा डाग नसेल तर मॉडेल खोटं आहे. मी काळ्यात थोडा तपकिरी मिसळून पोटाखाली मागेपर्यंत ओघळ काढलेत. बायको म्हणाली, "अहो, एवढं छान रंगवून घाण कशाला करताय?" मी म्हटलं, ही घाण नाही, सर्व्हिस रेकॉर्ड आहे.

आता तारा. दुपंखी मॉडेलमध्ये माणसं इथेच हार मानतात, म्हणून जरा सविस्तर.

कंपनीने माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर पोस्टाच्या तिकिटाएवढी आकृती छापलीय आणि तार डब्यात दिलेली नाही. आधी तत्त्व समजून घ्या, म्हणजे आकृतीची फार गरज पडत नाही. पोटाखालून निघून वरच्या पंखाच्या बाहेरच्या स्ट्रटकडे जाते ती फ्लाइंग वायर. उडताना पंख वर जाऊ बघतात, त्यांना ती धरून ठेवते. वरच्या पंखाच्या मध्यातून निघून खालच्या पंखाच्या बाहेरच्या टोकाकडे उतरते ती लँडिंग वायर. जमिनीवर पंखांचं वजन तिच्यावर. दोन्हींचा ताण बरोबर जमला की पंख जागेवर. खऱ्या विमानात हे जमवायला अख्खा दिवस जायचा. विमान लाकडी घोड्यांवर चढवून समपातळीत आणायचं, वरच्या पंखाच्या कडेवरून ओळंबा सोडायचा, खालचा पंख किती मागे आहे ते मोजायचं, मग तारच तिच्या टोकाच्या आट्यांमध्ये एकेक फेरा फिरवायची. मी टेबलावर तेच केलं. शिवणाचा दोरा आणि टोकाला छोटा नट, झाला ओळंबा. नातू म्हणाला, "आबा, हे तर गवंडीकाम आहे." फार चूक नाही.

तारेसाठी मी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून सर्वांत बारीक तंगूस आणलं, 0.10 मिलिमीटरचं. 48 ने गुणलं तर खऱ्या विमानात सुमारे 5 मिलिमीटर होतं, म्हणजे नजरेला बरोबर वाटतं. हौशी दुकानात विकायला ठेवलेली परदेशी 'रिगिंग लाइन' याच्या कित्येक पट महाग आहे आणि फरक शून्य. पंखांना बारीक ड्रिलने आधीच भोकं पाडून घ्या, रंग लावण्याच्या आधी. एका टोकाला सुपरग्लूचा थेंब, सुकू द्या, दुसऱ्या टोकाला चिमटा लटकवून ताण द्या, मग तिथे थेंब. सगळं झाल्यावर जी तार सैल वाटेल तिच्याजवळ पेटती उदबत्ती न्या. टेकवू नका, फक्त जवळ न्या. नायलॉन आकसतं आणि तार ताठ होते. जास्त वेळ धरली तर तुटते, किंवा त्याहून वाईट म्हणजे पंखच ओढून घेते. खऱ्या तारा गोल नसून चपट्या, वारा कापणाऱ्या असतात, पण या मापात ते शोधायला भिंग लागेल. जो शोधेल त्याला घरी बोलावू नका.

माझ्या डब्यातला एक स्ट्रट मोडलेला निघाला. दुकानातला मुलगा म्हणाला, "अंकल, सील तुम्ही तोडलं, आता कंपनीला मेल करा." कंपनीला मेल केला. उत्तर नाही. शेवटी पितळी तारेचा स्ट्रट घासून बनवला, तो मूळच्यापेक्षा मजबूत झालाय.

आता डेकल.

कागदावर दोन पर्याय आहेत आणि दोन्ही युद्धातले, रॉयल एअर फोर्सचे. एक पिवळंधमक, दुसरं वरून हिरवं-मातकट, खालून पिवळं. याखेरीज डब्यात बॉम्ब लटकवायचे रॅकही दिलेत. 1940 साली जर्मन सैन्य इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरलंच तर या शिकाऊ विमानांना छोटे बॉम्ब बांधून पाठवायची खरोखर तयारी केली होती. जर्मन आले नाहीत, ते बॉम्ब पडले नाहीत. तरी रॅक डब्यात आहेत. आणि जे काम या विमानाने खरंच केलं, वर्षानुवर्षं केलं, त्याचा एक तुकडाही नाही.

आठ हजारांहून जास्त टायगर मॉथ बनली. युद्ध संपल्यावर ती सरकारला नकोशी झाली आणि हजारोंनी विक्रीला निघाली. मग ज्याला जे सुचलं ते त्याने केलं. न्यूझीलंडमध्ये 1949 पासून पुढची सीट काढून तिथे खताची टाकी बसवली आणि डोंगरउतारावरच्या कुरणांवर सुपरफॉस्फेट टाकायला सुरुवात केली. शिक्षकाला उडी मारता यावी म्हणून पंखांची एवढी ओढाताण केली, त्या शिक्षकाच्या जागी खत! ग्लायडर ओढायला तर हे विमान ठरलेलंच. इंग्लंडमध्ये थ्रक्स्टनला तर कुणी याचं धड रुंद करून, वर छप्पर घालून चार माणसांची जॅकरू बनवली. दिसायला ती विचित्रच आहे, पण उडायची. अमेरिकेत याचा थोरला भाऊ म्हणावा असा स्टिअरमन, सैन्यात 220 अश्वशक्तीचा, तो शेतीत गेल्यावर 450 चं प्रॅट अँड व्हिटनी इंजिन लावून पिकांवर औषध मारत फिरला. आज एअर शोमध्ये पंखावर माणूस उभा करून फिरतात तेही बहुतेक स्टिअरमनच.

आपल्याकडे वायुसेनेत टायगर मॉथची जागा पुढे एचटी-2 ने घेतली. 1951 साली पहिल्यांदा उडालेलं ते विमान डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी बनवलेलं, म्हणजे आपल्याच माणसाने. त्याचं किट फोर्टात मागितलं की दुकानदार हसतो. टायगर मॉथ मात्र आपल्या वायुसेनेने विसरलेलं नाही. एक जुनं विमान ब्रिटनमध्ये पूर्ण दुरुस्त करून घेतलं आणि 2012 च्या वायुसेना दिनाला दिल्लीजवळच्या हिंडन तळावर ते पुन्हा उडालं. शिवाय वायुसेनेतून आणि युद्धाच्या शिल्लक मालातून आलेली विमानं इथल्या फ्लाइंग क्लबांनी वापरली. VT ने सुरू होणारी भारतीय नोंदणी, चंदेरी डोप, आणि पुढे कितीतरी पोरांचं पहिलं सोलो, म्हणजे एकट्याने केलेलं उड्डाण. जुहूचा क्लब 1928 चा. देशातलं पहिलं पायलट लायसन्स जेआरडी टाटांना 10 फेब्रुवारी 1929 ला मिळालं ते तिथल्याच शिक्षणावर. अशा गावात बसून मी इंग्लंडच्या युद्धाचं विमान का रंगवू?

म्हणून डेकल घरीच केले. नातवाने कॉम्प्युटरवर अक्षरं मांडली, दादरच्या एका प्रिंटवाल्याने पारदर्शक डेकल पेपरवर लेझर प्रिंट काढून दिली. इंकजेट नको, पाण्यात शाई फुटते. काळी अक्षरं चंदेरीवर आहेत म्हणून जमलं. पांढरी लागली असती तर घरगुती प्रिंटरचा उपयोग नव्हता. VT नंतरची तीन अक्षरं नातवाच्या नावातली आहेत, कारण खरी नोंदणी घेतली असती तर कुणीतरी फोटो घेऊन भांडायला आला असता. बॉम्ब रॅक आणि मागच्या कॉकपिटवरचा ब्लाइंड फ्लाइंगचा हूड (बाहेर न बघता फक्त यंत्रांवर उडायला शिकवताना ओढायचं छप्पर) लावला नाही, भोकं पुट्टीने बुजवली. चंदेरीबद्दल सांगायचं तर ती शोभेसाठी नव्हती. डोपमध्ये ॲल्युमिनियमची पूड असते आणि ती उन्हापासून कापड वाचवते. आपल्या हवेत तिची किती गरज, हे गाडी उन्हात लावणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट किटमध्ये दिसणार नाही, पण मला जोडताना सतत आठवत होती. धडाच्या तळातून आडवे लोखंडी टाय रॉड जातात. दोन्ही बाजूंचे पंख शेवटी त्यांच्या भरवशावर असतात. ऑस्ट्रेलियात डिसेंबर 2013 मध्ये क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ कसरती करताना एका टायगर मॉथचा पंख निखळला आणि पायलट व प्रवासी दोघेही गेले. तपासात टाय रॉडच्या आट्यांमध्ये आधीपासून पडलेल्या फटीगच्या, म्हणजे धातू वारंवार ताण खाऊन थकल्याच्या, भेगा सापडल्या. पैसे देऊन हौसेची फेरी मारायची सोय आजही परदेशात मिळते, आणि हौस म्हणून ती करावी असं मी म्हणेन. फक्त बसण्यापूर्वी माणसाने देखभालीबद्दल दोन प्रश्न विचारावेत. विचारलं म्हणून चांगला ऑपरेटर रागावत नाही.

परत किटवर. मुलांसाठी हे किट घेऊ नका. बारा-तेरा वर्षांच्या पोराला 1:72 मधलं एकपंखी काहीतरी द्या, त्याचा उत्साह टिकेल. नवख्या मोठ्यांनीही पहिलं विमान म्हणून दुपंखी नको. पण हात बसलेला असेल तर साडेतीन हजारात इतकं स्वच्छ जुळणारं दुपंखी विमान दुसरं नाही. वरचा पंख आठ स्ट्रटवर एकाच वेळी बसवायचा असतो आणि तो एकदाच, न चिडता बसला. हे मी इतर कुठल्या दुपंखी किटबद्दल लिहू शकत नाही. पाचपैकी चार. एक कापलाय तो डेकलसाठी. गादीसाठी अर्धा कापणार होतो, पण इंजिन बघून सोडून दिला.

दुकानदाराला सांगून ठेवलंय, स्टिअरमन आला की फोन कर. त्याने विचारलं, आर्मीवाला की नेव्हीवाला? म्हटलं, औषध फवारणीवाला असेल तरच.